शीतगृहात ठेवलेला आवाज

फ्लॉपीला कुंकू नेमकं कुठं लावायचं, हे मला फौजेत कुणी शिकवलं नव्हतं. सांगलीतल्या एका घरी खंडेनवमीला संगणकाची पूजा झाली. घरातल्या बाईंनी बारा फ्लॉप्या पाटावर ओळीनं मांडल्या, एकेकीचं पत्र्याचं झाकण बोटानं सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला कुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी डोक्याला हात लावला, तर बाई म्हणाल्या, "वरच्या प्लास्टिकला लावून काय उपयोग? सगळं आत असतं असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

आता काय बोलणार, कप्पाळ! सांगितलं होतं मीच.

साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांना मी बजावलं होतं की फ्लॉप्या उंचावर ठेवा, जमिनीची ओल लागू देऊ नका. त्यांनी घरातल्या सगळ्यात उंच वस्तूवर, म्हणजे गणेशोत्सवाच्या मोठ्या स्पीकरवर ठेवल्या. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, आणि फ्लॉपीवरचं लिखाण चुंबकानं साफ पुसलं जातं. माझ्या धंद्यातली माणसं तक्रार करतात की गिऱ्हाईक ऐकत नाही. माझा अनुभव अगदी उलटा आहे. गिऱ्हाईक फार नीट ऐकतं. आपण अर्धवट सांगतो, आणि मग खापर त्याच्यावर फोडतो.

मी फौजेत वायरलेस दुरुस्त करायचो. पेन्शन घेऊन आलो आणि नव्वदीच्या दशकात सांगलीत संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं. साताऱ्यापासून तासगावपर्यंत एसटीनं हिंडत होतो. स्वभाव तापट, बोलणं तोडून, तरी गिऱ्हाइकं टिकली, कारण त्या वेळी दुसरं फारसं कुणी नव्हतंच. त्या सगळ्या वर्षांतलं एकच काम असं आहे, की ते जमलं म्हणून लोक अजून माझं कौतुक करतात आणि मी मान खाली घालतो. ते आज सांगून टाकतो.

तासगावला नाना म्हणून बेदाण्याचे अडते होते. शेतकऱ्याचा माल बाजारात व्यापाऱ्यांपुढं मांडून सौदा लावून द्यायचा, हा त्यांचा धंदा. सौदा तोंडी चालतो, मोठ्यानं पुकारून. नानांचा आवाज असा, की पत्र्याच्या शेडच्या या टोकाला ते बोलले तर त्या टोकाच्या हमालाला कळायचं की आज नानांची झोप झालेली नाही. त्याच घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

नानांची मुलगी शुभांगी तासगावातल्या एका क्लासमध्ये संगणक शिकवायची. पोरगी हुशार आणि हट्टी. तिनं ठरवलं, की आवाज जायच्या आधी तो साठवून ठेवायचा. नुसता आठवण म्हणून नाही, तर वापरायला. तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. नानांनी रोजची वाक्यं माईकसमोर बोलायची, प्रत्येक वाक्याला एक नंबर. ऑपरेशननंतर नानांनी तो नंबर दाबला की संगणकातून त्यांच्याच आवाजात ते वाक्य बाहेर येणार. एक नंबरला "कोण हाय?" दोनला "च्या ठेवा." तीनला "आत्ता न्हाई, फुडल्या बाजारला या." नंबर आणि वाक्यं एका वहीत लिहिलेली. नातवंडांच्या हाका होत्या, शेतकऱ्यांची नावं होती, एक पूर्ण सौदा होता, ससा-कोल्ह्याची गोष्ट होती. सातव्या नंबरला "अगं ए, ऐकलं का?" होतं. ती हाक त्यांच्या बायकोसाठी, म्हणजे काकूंसाठी. आमच्याकडं जुनी माणसं बायकोला नावानं हाक मारत नाहीत. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच, पुढं सगळा जन्म "अगं ए" वर निघतो.

रेकॉर्डिंग संपत आलं तेव्हा शुभांगी सांगलीला माझ्या दुकानात आली.

"काका, सगळं एका हार्डडिस्कवर आहे. ती गेली तर? नाना दुसऱ्यांदा बोलू शकणार नाहीत. तुम्ही सांगा, दुसरी प्रत कशावर ठेवू?"

तरुण वाचकांना आज हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण त्या वेळी घरातल्या संगणकावरचा एवढा ऐवज जपायचा म्हणजे खरोखर पंचाईत होती. चांगल्या प्रतीच्या आवाजाचं एक मिनिट ठेवायला तीन-साडेतीन फ्लॉप्या लागायच्या. नानांचं बोलणं दोन तासांचं. म्हणजे चारशेच्या वर फ्लॉप्या, आणि त्यातली एक नासली तर तिच्यावरचं वाक्य गेलं. दुसरी हार्डडिस्क संगणकाच्या त्याच डब्यात बसवावी, तर वीज पडली की दोघी एकदम सती जाणार. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे सीडी. पण सीडी लिहायचं यंत्र सांगलीत माझ्या माहितीत कुणाकडं नव्हतं. पुण्याला होतं. हार्डडिस्क काढून, फडक्यात गुंडाळून पुण्याला न्यायची, एक दिवस मोडायचा, सीडी लिहून आणायची. सीडीला चुंबकाचं भय नाही, ओलीचं फारसं नाही.

चौथा मार्ग टेपचा. गाण्याच्या कॅसेटसारखीच पण जाड, बंद डबी. तिच्यात चुंबकी फीत. अख्खी हार्डडिस्क एका फितीवर मावते. ती लिहिणारं यंत्र माझ्या दुकानात धूळ खात पडलं होतं. माधवनगरच्या एका सूतगिरणीनं मागवलं आणि मग नको म्हणून कळवलं होतं.

मी म्हणालो, "टेप घे. बँकासुद्धा टेपच वापरतात."

हे खोटं नव्हतं. बँका वापरायच्या. फक्त पुण्याचा विषय मी काढला नाही. तिला घाई होती, ऑपरेशन आठ दिवसांवर होतं आणि माझं यंत्र उगाच पडून होतं. या तीन गोष्टी मी मनात एकमेकींना जोडल्या आणि स्वतःला सांगितलं, की हेच तिच्या भल्याचं आहे. आपल्या सोयीचं तेच समोरच्याच्या भल्याचं, असं वाटायला माणसाला फार वेळ लागत नाही.

तासगावला जाऊन मी टेप लिहून दिली. नाना शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. तेव्हा बोलत होते अजून, घोगरे झाले होते.

"एवढ्याशा डबीत सगळा मी?" ते म्हणाले.

"सगळे."

"मग बायकूला सांग, पाट्या-पाट्यानं जेवाय घालू नगंस म्हणावं. डबीत मावलं पायजे."

आम्ही हसलो. काकू आतून म्हणाल्या, "बोला, बोला, बोलून घ्या."

टेप लिहून झाली आणि मला साडेपाचची एसटी दिसायला लागली. माझ्या धंद्याचे तीन नियम आहेत, ते मी जगाला सांगत हिंडत होतो. प्रत दोन ठिकाणी ठेवावी. मूळ आणि प्रत एका छपराखाली ठेवू नये. आणि प्रत घेतली की ती परत वाचून बघावी, कारण न वाचलेली प्रत म्हणजे न चाखलेला स्वयंपाक. त्या दिवशी मी ती वाचून बघितली नाही. शिवाय टेप काढण्याआधी ती पूर्ण मागं गुंडाळून घ्यायची असते, म्हणजे लिहिलेला भाग डबीच्या आत सुरक्षित राहतो. मी गुंडाळली नाही. यंत्रातून तशीच ओढून काढली, डब्यात घातली आणि निघता निघता म्हणालो,

"घरात ठेवू नका. दुसरीकडं ठेवा. थंड, कोरड्या जागी."

शुभांगीचे आप्पामामा दारात उभे होते. काकूंचे धाकटे भाऊ. बेदाण्याची ने-आण त्यांच्याकडं. ते म्हणाले, "थंड जागा? ते माझ्यावर सोडा, सायेब."

मी सोडलं. गाडी मिळाली.

ऑपरेशन झालं. नाना वाचले. गळ्यावर पांढरं फडकं बांधून घरी आले. आणि काय सांगू, शुभांगीचं यंत्र चाललं! नाना खाटेवर बसून नंबर दाबायचे आणि शेजारच्या खोलीपर्यंत त्यांचा जुना, दमदार आवाज जायचा. वहीत नसलेलं काही बोलायचं झालं तर पाटीवर खडूनं लिहायचे. मी एकदा बघायला गेलो तर त्यांनी तीन नंबर दाबून मला "आत्ता न्हाई, फुडल्या बाजारला या" ऐकवलं आणि खाटेवर बसल्या बसल्या हलून हलून हसले. हसण्याचा आवाज मात्र येत नव्हता.

एप्रिलमध्ये शुभांगीचा फोन आला. "काका, डिस्क टकटक वाजतेय. वाजते आणि थांबते."

त्या टकटकीचा अर्थ मला माहीत होता. डिस्कमधली सुई चकतीवर आपटते तेव्हा ती वाजते. त्यानंतर त्या चकतीवरचं काही माझ्या हातानं परत येत नसे.

"बंद कर. हात लावू नकोस. टेप आहे ना?"

"आहे. मामांनी ठेवलीय."

"नाना कसे आहेत?"

"तीन दिवस झाले, खोलीतून बाहेर आलेले नाहीत. पाटीपण हातात घेत नाहीत. परवा मुंबईला तपासणीला जायचंय, तर नको म्हणून मान हलवतात."

मी नवी डिस्क आणि टेपचं यंत्र पिशवीत घातलं आणि तासगावची गाडी पकडली. आप्पामामा टेम्पो घेऊन स्टँडवरच उभे होते.

"बसा. टेप आणायला जाऊ."

"कुठं ठेवलीय?"

"कोल्ड स्टोरेजला."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. तासगावचा बेदाणा शीतगृहात ठेवतात. वर्ष-दोन वर्षं रंग जात नाही, किडा लागत नाही. जे टिकवायचं ते शीतगृहात, हे तिथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मी थंड जागी म्हणालो, आणि पंचक्रोशीतल्या सगळ्यात थंड जागी मामांनी टेप ठेवली. डब्यासकट, बेदाण्याच्या पेटीत, नानांच्या मालाच्या थप्पीत.

"आवं, तुमीच म्हणला थंड," मामा म्हणाले. "तितं गारठा असा हाय, की माणूस ठेवला तरी टिकंल!"

मला राग आला. पण कुणावर काढणार?

शीतगृहाच्या दारात ट्रक उभा होता आणि हमाल पेट्या चढवत होते. मामांनी पेट्यांवरचा नंबर वाचला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "आरं, ही आपली थप्पी हाय. हा माल कुणी काढाय सांगितला?"

माल नानांच्या मुनिमानं आठवड्यापूर्वी विकला होता. घरातल्या गडबडीत पेटीची गोष्ट कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. ट्रक दिल्लीला जाणार होता, आणि अर्ध्याहून जास्त पेट्या आत गेल्या होत्या.

मामा ट्रकवर चढले. "थांबा रं! एक पेटी शोधायची हाय!"

ड्रायव्हर म्हणाला, "क्या ढूँढ रहे हो?"

"दाजीचा आवाज!" मामा ओरडले. ड्रायव्हरला काय कळलं कोण जाणे, त्यानं बिडी पेटवली आणि तो बाजूला जाऊन बसला.

एकेक पेटी फिरवून बघितली. माझे हात बेदाण्यानं चिकट झाले. ट्रकमध्ये सापडली नाही. आता उरली ती आतली थप्पी. आत गेलो तर श्वासाची वाफ दिसायला लागली आणि चष्म्याच्या काड्या गालाला चावायला लागल्या. शेवटून दुसऱ्या ओळीत एका पेटीवर नानांच्या अक्षरात खडूनं लिहिलेलं सापडलं, "विक्रीला नाही." मामांनी ती पेटी छातीशी धरली.

बाहेर एप्रिलची दुपार. वळवाचे ढग जमलेले, हवा दमट, अंगाला घामाच्या धारा. दाराबाहेर पाय टाकला आणि माझा चष्मा पांढरा झाला. काही दिसेना. तेवढ्यात मामांचा आवाज आला, "हाय का न्हाई आत, बगतो."

"उघडू नका!" मी फौजेतल्या आवाजात ओरडलो. ट्रकवरचे हमालसुद्धा जागच्या जागी थांबले.

उशीर झाला होता. डबा उघडा होता आणि थंडगार टेपवर, माझ्या चष्म्यावर धरलं होतं तसंच, बारीक पाणी धरत होतं. चुंबकी फितीला पाणी लागलं आणि ती यंत्रात घातली, तर ती चिकटते आणि फाटते. मी झाकण लावलं.

घरी पोहोचलो. नाना खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी जाऊन सांगितलं, "नाना, टेप मिळालीय. पण आज चालवता येणार नाही. तिला घरच्या हवेत यायला उद्याची सकाळ होईल."

मामा म्हणाले, "सकाळपतूर? परवा पाटंची गाडी हाय, आन् आवाज आल्याबिगर दाजी हलायचं न्हाईत! उनात ठेवू की. दहा मिंटात खडखडीत वाळंल."

"उन्हात फीत वाकडी होईल."

"मग पंख्याखाली. न्हाईतर केस वाळवायचं यंत्र हाय पोरीचं."

"मामा, मी सांगतोय ना..."

"तुमी सांगितलं म्हणूनच तर थंडीत ठेवली!"

हे खणखणीत माझ्या थोबाडीत बसलं. शुभांगी रडवेली होऊन कधी माझ्याकडं, कधी मामाकडं बघत होती. तेवढ्यात खाट करकरली. नाना उठून बसले होते. त्यांनी हात पुढं केला. काकूंनी पाटी दिली. तीन दिवसांनी त्यांनी खडू हातात घेतला. लिहून पाटी मेव्हण्यापुढं धरली.

"उन्हात काळा पडतो. सावलीत ठेव."

मामा पाटीकडं बघत राहिले. हिरवा बेदाणा उन्हात वाळवत नाहीत. शेडमध्ये जाळीवर, सावलीत, वाऱ्यावर, पंधरा-पंधरा दिवस वाट बघतात. घाई केली की रंग जातो आणि भाव पडतो. सगळा जन्म मामांनी तेच केलं होतं.

"व्हय, दाजी," ते हळू म्हणाले. "चुकलंच की."

डबा आतल्या खोलीत फडताळावर ठेवला. झाकण कधी उघडायचं, टेप कापडावर कधी काढायची, हे शुभांगीला लिहून दिलं. या वेळी अर्धवट काही ठेवलं नाही. "कोरड्या कापडावर, जमिनीवर नाही, स्पीकरजवळ नाही, देवापुढं नाही," इथपर्यंत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यंत्र जोडलं. मामांनी ओळखीच्या वायरमनकडून खबर आणली होती की लाईट दोनपर्यंतच आहे. पाच तास होते. पहिल्यांदा मी टेप नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेतली, चिकटलेले पदर सुटावेत म्हणून. ती सुरुवातीला चर्र वाजली. त्या आवाजाला नानांनी डोळे मिटून घेतले. मग सरळ फिरली.

टेपवरची यादी पडद्यावर आली. एक, दोन, तीन, खाली खाली. शुभांगी वही घेऊन ताळा करत होती. "चारशे बारा," ती म्हणाली. "बरोबर." आणि थबकली. यादीत आणखी एक ओळ होती. चारशे तेरा. अकरा सेकंदांची.

"हे काय आहे? वहीत चारशे बाराच आहेत."

नानांनी पाटीवर लिहिलं, "एक माझं."

"काय आहे त्यात, नाना?"

त्यांनी मान हलवली. सांगणार नव्हते.

टेप वाचायला लागली. मधे मधे अडखळायची, यंत्र तोच तुकडा दोन-तीनदा वाचायचं, मग पुढं जायचं. मामा दारातून येरझारा घालत होते. काकू तिसऱ्यांदा चहा घेऊन आल्या आणि कुणीच घेतला नाही. साडेबाराला चारशेवर पोहोचलो. एकच्या सुमाराला चारशे बारा झालं.

"एक दाब," मी शुभांगीला म्हणालो.

तिनं एक दाबलं. "कोण हाय?" नाना गरजले. स्पीकरचा आवाज मोठा राहिला होता. अंगणात बेदाणा निवडणाऱ्या बाईनं बसल्या जागेवरून सवयीनं ओ दिली, "म्या हाय, नाना!"

शुभांगी घळाघळा रडली. मामांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की मी टेबलावर आपटलो. नाना मात्र हसले नाहीत. पाटी उचलली आणि लिहिलं, "४१३?"

मी पुढं चालवली. यंत्र शेवटच्या तुकड्यावर गेलं, घरघरलं आणि थांबलं. पुन्हा गेलं, थांबलं. स्पिरिटनं यंत्राचं डोकं पुसलं. तिसऱ्यांदा पाच सेकंद वाचलं असेल नसेल, परत थांबलं. मी डबी काढून डोळ्याजवळ धरली आणि मला सगळं कळलं. फितीचं जे टोक डबीच्या तोंडाशी उघडं होतं, त्याच्यावरच पाणी धरलं होतं. ते टोक उघडं राहिलं, कारण साडेपाचच्या एसटीसाठी मी टेप मागं गुंडाळली नव्हती.

पावणेदोन वाजले होते. बाकीचं सगळं नव्या डिस्कवर आलं होतं, त्याला धोका नव्हता. मी नानांना म्हणालो, "चौथ्यांदा घातली तर तुटेलसुद्धा. घालू?"

त्यांनी मान हलवली. घाल.

घातली. कर्र झालं, मग कट् असा एवढासा आवाज. फितीचं टोक यंत्रात अडकून राहिलं आणि डबी माझ्या हातात आली.

मी यंत्राकडं बघतच म्हणालो, "नाना, चूक माझी आहे. टेप गुंडाळायची राहिली माझ्याकडून. वाचूनही बघितली नव्हती. आणि खरं सांगायचं तर पुण्याला जाऊन सीडी करून आणली असती, तर हे काहीच झालं नसतं. माझ्याकडं यंत्र पडून होतं, म्हणून मी तुमच्या गळ्यात मारलं."

बोलून झाल्यावर मान वर करायची हिंमत होईना. नाना हातातल्या खडूकडं बघत बसले होते. मग मागून काकू बोलल्या. त्या मधल्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"आवं, गेलं तर जाऊ द्या. मी ऐकलंय ते."

नानांनी झटकन मान वळवली.

"आपरेशनला मुंबईला जायच्या आदुगर, दार लावून मशीनसंगं बोलत हुता. मी भाईर काढा घिऊन उभी हुते. तीनदा म्हणला. लग्नात घेतलं हुतं, त्यानंतर तवाच. काढा गार झाला, पर आत न्हाई आले मी. म्हनलं, लाजतील."

मामा खिडकीबाहेर बघायला लागले. शुभांगीनं वही छातीशी धरली. मी, एवढा फौजेतला माणूस, चष्मा काढून पुसत बसलो. त्याच्यावर त्या वेळी काही वाफ नव्हती.

नानांनी बाहीनं पाटी पुसली. सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दोन्ही हातांनी पाटी बायकोपुढं धरली. तिच्यावर एकच शब्द होता, "शेवंता".

काकू लाल झाल्या. पन्नाशी उलटलेली बाई, नववीतल्या पोरीसारखी लाजली. "पुसा आता," त्या म्हणाल्या. "माणसं येतील." पण पुसायला फडकं काही दिलं नाही. पाटीच हातातून घेतली आणि आत निघून गेल्या. तेवढ्यात लाईट गेली.

नाना दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले. मी टेपचं यंत्र भंगारात दिलं आणि शुभांगीला घेऊन स्वतः पुण्याला गेलो. नव्या डिस्कवरून सीडी लिहून आणल्या आणि तिथल्या तिथं वाचून बघितल्या.

नानांच्या हातात सीडी द्यायला तासगावला गेलो, तेव्हा नाना मुंबईहून परत आले होते. त्यांच्या हातात नवी पाटी होती.

"जुनी फुटली का?" मी शुभांगीला विचारलं.

"नाही. आईच्या ट्रंकेत आहे. पुसू देत नाही कुणाला."

मी लगेच धंद्यावर गेलो. "अगं, खडूचं लिहिलेलं ते. साडीला घासून पुसलं जाईल. तिचा फोटो तरी काढून ठेवा."

"काढलाय, काका," शुभांगी म्हणाली. "दोन प्रती केल्यात. एक इथं आहे, एक कडेगावला मावशीकडं ठेवलीय."

"वाचता येतंय का, बघितलं?"

आतून काकू म्हणाल्या, "रोज बगते की."